सेमाग्लुटाईड: इंजेक्शननंतरचे दोन दिवस फार वाईट जातात, तुम्ही काय केलंत?

उन्हाची_तिरीप
वजनासाठी सेमाग्लुटाईड घेतेय, आठवड्याला एक इंजेक्शन. ०.२५ आणि ०.५ मिलिग्रॅम सहज गेले, भूक कमी झाली आणि मुख्य म्हणजे डोक्यात सारखं जे "आता काय खाऊ, मग काय खाऊ" चालायचं ते बंद झालं. त्यामुळे औषध सोडायचं नाहीये हे आधीच सांगते. पण १ मिलिग्रॅमवर आल्यापासून हाल चाललेत. शुक्रवारी रात्री घेते, शनिवारी दुपारी मळमळ सुरू होते ती रविवारी रात्रीपर्यंत. सडक्या अंड्यासारखे ढेकर येतात, मुलगी जवळ येऊन बोलायला लागली तरी मी तोंड फिरवून बसते. सोमवारी जरा माणसात येते. पोट साफ होणं हा तर वेगळाच विषय.

विचारायचंय ते असं की मळमळीवर कोणाला काय उपयोगी पडलं? वार बदलून फरक पडतो का? आणि आता १.७ वर जायची वेळ आलीय, जावं की थांबावं? डॉक्टरांशी बोलणारच आहे, पण ज्यांनी हे भोगलंय त्यांच्याकडून ऐकायचंय.

एक विनंती, नवीन काही विकत घ्यायला लावू नका प्लीज. औषधाचाच खर्च कसाबसा बसवलाय.

रानपाखरू
शुक्रवार रात्र हाच बेस्ट वार, अजिबात बदलू नका. सुट्टीच्या दिवशी निदान आडवं पडता येतं. मळमळीचं म्हणाल तर ताटच लहान घ्या. या औषधाने पोट रिकामं व्हायचा वेग मंदावतो, त्यात पूर्वीच्या सवयीने जेवलं की ते अन्न तिथेच बसून राहतं आणि मग मळमळ आणि ते ढेकर दोन्ही. पोट भरल्यासारखं वाटायला लागलं की त्याच घासाला थांबायचं, ताटात उरलं तर उरू दे. तळलेलं, तुपकट इंजेक्शनच्या आदल्या दिवसापासूनच बंद. आणि एक चांगलं व्हे प्रोटीन घेऊन ठेवा, जेवण जात नाही तेव्हा तेच कामाला येतं. मी दोन फ्लेवर आणून ठेवलेत, चॉकलेटचा त्यातल्या त्यात बरा लागतो.

सोनसळी
तुम्ही टिर्झेपटाईडवर का जात नाही? मी थेट तेच घेतलं. १५ मिलिग्रॅमपर्यंत पोचले, एकदाही उलटी नाही, कपाटातले सगळे कपडे बदलावे लागले. २०२२ च्या मोठ्या चाचणीत १५ च्या डोसवर ७२ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के वजन उतरलं होतं. सेमाग्लुटाईडचा आकडा १४.९ टक्के आहे, तोही ६८ आठवड्यांत. मग जुन्याच औषधावर त्रास काढत कशाला बसायचं?

आडवाटेने
@सोनसळी, ताई, त्यांनी खर्चाचं लिहिलंय ना वर. आणि त्या दोन वेगवेगळ्या चाचण्या आहेत, असे आकडे शेजारी ठेवून निकाल लावता येत नाही. टिर्झेपटाईडवरही लोकांना मळमळतंच, तुम्हाला नाही झालं ते तुमचं नशीब.

सोनसळी
नशीब कसलं, मी पाणी भरपूर पिते आणि रात्रीचं लवकर जेवते. आणि हो, दोन्ही औषधांची थेट तुलना करणारी चाचणीही झालीय, तिथेही टिर्झेपटाईडच पुढे होतं.

कोरडवाहू
हे सगळं सरड्याच्या विषापासून काढलेलं औषध आहे हे माहितीये ना? शरीर ते बाहेर टाकू बघतंय म्हणून मळमळतं. रोज तासभर चाला, रात्रीचं जेवण बंद करा, इंजेक्शनची गरजच पडणार नाही. मी असंच उतरवलंय आणि टिकवलंय.

गोळीबंद
मी औषधांच्या दुकानात काम करतो म्हणून आधी हे सरड्याचं निकालात काढतो. गिला मॉन्स्टर नावाच्या सरड्याच्या विषारी लाळेत एक्झेंडिन-४ हा पदार्थ सापडला, जॉन एंग यांनी तो शोधला आणि त्यावरून एक्झेनाटाईड हे औषध २००५ मध्ये आलं. सेमाग्लुटाईड त्यातलं नाही. आपल्याच आतड्यात जेवणानंतर जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं, त्याच्याशी ते ९४ टक्के जुळतं, थोडे बदल केलेत म्हणून आठवडाभर टिकतं. मळमळ होते ती शरीर विष बाहेर टाकतंय म्हणून नाही, ते हार्मोन मेंदूतल्या मळमळीच्या भागावरही काम करतं म्हणून. उरलेलं निवांत लिहितो, आत्ता काउंटरवर गर्दी आहे.

कोरडवाहू
म्हणजे सुरुवात सरड्यापासूनच झाली ना, मी तेच म्हणतोय.

वाऱ्यावरची
पोटावर घेताय का मांडीवर? मांडीवर घेऊन बघा, माझी मळमळ निम्मी झाली. आणि मनगटावर बांधायचे ते दाबाचे पट्टे मिळतात, प्रवासात उलटी होणाऱ्यांसाठी असतात, ते मागवा. मी इंजेक्शनच्या दिवसापासून हातातून काढतच नाही.

रातकिडा
मांडीवर घेतल्याने काही होत नाही, माझ्या मांडीवर फक्त लाल गाठ आली. पोटावर नाभीपासून दोन बोटं लांब, हीच योग्य जागा.

वाऱ्यावरची
मला झाला फायदा, मी माझा अनुभव सांगतेय.

गोळीबंद
पोट, मांडी, दंड तिन्ही चालतात, औषध शोषलं जाण्यात फारसा फरक नसतो. जागा मात्र दर वेळी बदला, त्याच ठिकाणी सारखं टोचलं की गाठी येतात. मांडीवर बरं वाटत असेल तर मांडीवर घ्या, त्याने तोटा काही नाही.

पोटमाळा
मळमळ मळमळ करत माझं पित्ताशयाचं दुखणं लक्षातच आलं नाही कोणाच्या, म्हणून मुद्दाम लिहिते. वजन झपाट्याने उतरलं की पित्ताचे खडे होऊ शकतात, हे औषधाच्या माहितीपत्रकातच आहे. माझं दुखणं उजवीकडे बरगडीखाली, जेवल्यावर यायचं, खांद्यापर्यंत जायचं, आणि सगळे म्हणत होते इंजेक्शनचंच आहे, होईल सवय. शेवटी सोनोग्राफी झाली तेव्हा खडे दिसले. तेव्हा साधी मळमळ कुठली आणि डॉक्टर गाठायचे कधी ते नीट बघत जा. वरच्या पोटात जोरात दुखायला लागलं, थांबतच नाही आणि पाठीत जातंय तर ते स्वादुपिंडाला सूज असू शकते, त्याला घरी बसायचं नाही. डोळे पिवळे, लघवी गडद, ताप, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, तरी तसंच.

ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं की हे इंजेक्शन घेता का. पोटात अन्न राहिलं तर भुलेत ते फुप्फुसात जायची भीती असते. तुमची कुठली सर्जरी, एंडोस्कोपी ठरली तर स्वतःहून आधीच सांगा, फॉर्ममध्ये विचारलेलं नसलं तरी.

रानपाखरू
बापरे. खरंच उपयोगी लिहिलंत. बाकी उन्हाची_तिरीप, शुक्रवारच ठेवा.

उन्हाची_तिरीप
@पोटमाळा, थँक यू, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. माझं दुखत नाही कुठे, फक्त मळमळ आणि बद्धकोष्ठ. पाणी ठरतं पोटात, पण प्यावंसंच वाटत नाही, तहान लागायचीच बंद झालीय.

आडवाटेने
तिथेच तर बद्धकोष्ठाचं मूळ आहे बघा. खाणं कमी झालं की खाण्यातून जाणारं पाणीही कमी होतं, वर तहान नाही. माझ्याकडे एक बाटली कायम टेबलावर, दर थोड्या वेळाने दोन घोट. एकदम ग्लासभर प्यायले तर मळमळ वाढते. फळं, भाज्या वाढवा पण हळूहळू, आणि पाणी वाढवल्यावर मगच. पाणी नसताना नुसतं फायबर वाढवलं की पोट दगड होतं, इसबगोलचंही तेच. जेवल्यावर लगेच आडवं पडू नका, थोडं घरातल्या घरात चाला, ढेकरांना त्याने फरक पडतो. उलट्या झाल्याच तर घरीच १ लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्या. यातलं विकत काहीच आणायला नको.

सोनसळी
मी तर बॉडी कॉम्पोझिशनवाला वजनकाटा घेतलाय, फॅट किती आणि मसल किती गेलं सगळं कळतं. सगळ्यांनीच घ्यायला हवा. नुसतं वजन बघून काय समजणार.

रातकिडा
ते काटे पायातून करंट सोडून अंदाज बांधतात, पाणी कमी प्यायलात तरी आकडा हलतो. पण मुद्दा बरोबर आहे. चरबीबरोबर स्नायूही जातात. ते वाचवायचे तर रोजच्या खाण्यात प्रोटीन आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलणं. माझे केस मूठभर गळायला लागले तेव्हा त्वचेच्या डॉक्टर म्हणाल्या वजन भराभर उतरलं की काही महिन्यांनी असे गळतात, मुळं शाबूत असतात, परत येतात. आलेही. पण मधला काळ आरशासमोर उभं राहवत नव्हतं.

वाऱ्यावरची
केसांसाठी बायोटिन घ्या, मी घेते. पट्टे मागवलेत का?

गोळीबंद
आता वेळ मिळाला. मुद्द्याचं बोलूया.

मळमळ तुम्हालाच होतेय असं नाही. २०२१ च्या ज्या चाचणीवर २.४ चा डोस मंजूर झाला त्यात औषध घेणाऱ्या साधारण ४४ टक्के लोकांना मळमळ झाली, औषध नसलेलं खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांत १७ टक्क्यांना. बहुतेकांना डोस वाढवायच्या काळात होते आणि मग ओसरते. म्हणून तर ०.२५, ०.५, १, १.७, २.४ अशा पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर चार आठवडे. चार आठवडे झाले म्हणजे वर चढायलाच हवं असं कुठे नाहीये. सोसत नसेल तर डॉक्टर त्याच पायरीवर आणखी थांबवतात, क्वचित खालीही आणतात.

वार बदलायचा तर बदलता येतो, दोन इंजेक्शनांत किमान ४८ तास गेले पाहिजेत. पण आधीच मळमळत असताना लवकर घेण्यात अर्थ नाही, पुढचं दोन-तीन दिवस उशिरा घेतलेलं बरं. इंजेक्शननंतर १ ते ३ दिवसांत रक्तातलं प्रमाण सगळ्यात वर जातं, तुमचे शनिवार-रविवार बरोबर त्यात सापडतात. मात्र डायबेटिससाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर जेवण कमी झाल्यावर साखर फार खाली जाऊ शकते, त्यांचा डोस डॉक्टरांकडून बघून घ्या. आणि @सोनसळी, टिर्झेपटाईड घेणाऱ्या बायकांनी गर्भनिरोधक गोळी घेत असाल तर सुरुवातीला आणि दर डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरंही साधन वापरायचं असतं, गोळीचा असर कमी होऊ शकतो. हे कोणी वाचत नाही.

सोनसळी
मला माहीत होतं ते. लिहायचं राहिलं.

कोरडवाहू
आणि बंद केल्यावर काय? परत वजन चढतंच ना?

आडवाटेने
चढतं. बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं साधारण दोन तृतीयांश परत आलं असं त्याच चाचणीतल्या लोकांच्या पुढच्या पाहणीत दिसलं. बीपीची गोळी बंद केली की बीपी चढतं, म्हणून कोणी बीपीच्या गोळीला नावं ठेवत नाही. दादा, त्यांनी सोडायचं नाही म्हणून पहिल्याच ओळीत सांगितलंय.

रातकिडा
माझं मत १ वरच महिनाभर थांबा. खाली येऊ नका, मिळवलेलं घालवल्यासारखं होतं.

रानपाखरू
+१. एक वरच थांबा. आणि शुक्रवार.

वाऱ्यावरची
१ वरच थांबा, मांडीवर घ्या.

पोटमाळा
मीही थांबाच म्हणेन.

उन्हाची_तिरीप
सगळ्यांचे मनापासून आभार. आज डॉक्टरांशी बोलणं झालं. १.७ आत्ता नाही हे त्यांचंही मत होतं. १ वर थांबायचं की ०.५ वर परत जायचं हे त्यांनी माझ्यावर सोडलं आणि मी ०.५ घेतलं. तुम्ही सगळे थांबा म्हणालात ते समजतंय, पण ०.५ वर माझी भूक ताब्यात होती आणि मी जेवू शकत होते. आत्ता जेवणच जात नाही तर प्रोटीन कुठून जाणार? वजन हळू उतरलं तरी चालेल, मला घाई नाही. काही आठवड्यांनी पुन्हा १ बघू.

आणि वार बदलतेय, सोमवार सकाळ. @रानपाखरू, चिडू नका. सुट्टीच्या दिवशी आडवं पडता येतं हे खरं, पण मुलगी घरी असते ती त्याच दोन दिवशी. मंगळवारी ऑफिसात मळमळलं तर मी निभावून नेईन, डेस्कवर बाटली ठेवून बसेन. शनिवारी तिच्याशेजारी तोंड फिरवून नाही बसायचं मला आता. गोळीबंद म्हणाले तसं या शुक्रवारी घेत नाही, थेट सोमवारी.

पाण्याचे घोट आणि लहान ताट कालपासूनच सुरू केलंय. पट्टे, काटा, व्हे काही घेत नाहीये.

रानपाखरू
चिडत कशाला. पण ऑफिसात ते ढेकर आले की मग शुक्रवार आठवेल, सांगून ठेवते. सोमवारी घेतलंत की इथे लिहा नक्की.

वाऱ्यावरची
मांडीवर घ्या फक्त.

उन्हाची_तिरीप
हो, मांडीवर घेऊन बघते या वेळी. त्याला पैसे पडत नाहीत.