विदेशी पोरांना आपला डोंगर दाखवताना: अनुभव लिहा

पळसफूल:
काल भाच्याचा फोन. मामी, कॉलेजात बाहेरदेशची पोरं आलीत, त्यांना घेऊन चिखलदऱ्याच्या गाविलगड किल्ल्यावर चाललो, व्हॉलंटियर म्हणून नाव दिलं, काय काय नेऊ सांग. आणि एकदम परतवाड्याचे दिवस आठवले. लग्नाआधी आम्ही काही जण हेच करायचो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकणारी इथिओपियाची, अफगाणिस्तानची पोरं सुट्टीत यायची, त्यांना चिखलदरा, गड, देवतलाव सगळं दाखवायचं. पैसे कोणी देत नव्हतं आणि कोणी मागतही नव्हतं.

एक इथिओपियाची मुलगी होती, गडावर फारशी बोलली नाही. उतरून आल्यावर कॉफीची झाडं दिसली आणि ती तिथंच थांबली, पानं हातात घेऊन उभी. कॉफी मुळात त्यांच्याकडची, आणि महाराष्ट्रात कॉफी म्हणजे आपला चिखलदरा, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मळेवाल्या काकांनी मूठभर कच्च्या बिया दिल्या. संध्याकाळी आमच्या चुलीवर, लोखंडी तव्यावर तिनं त्या भाजल्या, धूर प्रत्येकाच्या नाकाशी नेला, खलबत्त्यात कुटल्या. त्यांच्यात तीन वेळा कप भरतात, तिसरा आशीर्वादाचा. माझ्या आजीनं आयुष्यात कॉफी प्यायली नव्हती, तिनं तिन्ही कप घेतले आणि त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

भाच्याला सामान सांगितलंच, पाणी, मीठ-साखर, शेंगदाणे, गूळ, पट्ट्या. पण आधी विचारलं, मागे कोण चालणार? आमच्यात पुढे कोणीही चालायचं, मागे मात्र एक कोरकू आदिवासी दादा ठरलेले. बोलायचे कमी. कोण लंगडतंय, कोणाची बाटली संपली, कोण लाजेनं सांगत नाहीये, हे त्यांना मागूनच कळायचं. पुढच्याला फक्त रस्ता दिसतो, माणसं दिसतात ती मागच्याला.

तुम्ही कोणी असं नेलंय का कोणाला? लिहा.

तिफण:
नरनाळा किल्ला!! आमी अकोटचे. शहानूरवरून वर नेलते. महाकाली दरवाज्यापाशी एक अफगाणी पोट्टा थांबला तं थांबलाच. कोरलेल्या अरबी-फारसी अक्षरावर बोट फिरवून वाचू लागला, थोडं लागे थोडं नाही लागे. पंधराव्या शतकातला दरवाजा हाय तो, आमी लहानपणापासून त्याच्याखालून जाऊन रायलो, कोणाले वाचता नाही आलं. त्या दिवशी पयल्यांदा कोणी आमच्यासमोर ते दगड वाचले. चढायले तर काय विचारता, त्यायचा मुलूखच पहाडी, आमच्या म्होरं निंघून जाय अन वर बसून आमची वाट पाहे.
बाकी नंतर लिहितो, लाईन आली, मोटर लावाची हाय

सातपुडावासी:
मागच्या माणसाबद्दल अगदी पटलं. आणखी एक, हंगाम बघा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात तेव्हा पहाटे नेऊच नका, अस्वल मोहाखाली असतं. अन वारूळ ताजं उकरलेलं दिसलं तर तिथं थांबून फोटो नाही, बोलत बोलत पुढं व्हायचं, त्याला आपला आवाज आधी गेला पाहिजे. अस्वल दचकलं की अंगावर येतं. विदेशी पोरांना वाघाचीच भीती असते, त्यांना हे आधी समजावून सांगा. अन पावसाळ्यात गडाच्या पायऱ्यांवर शेवाळ, तिथं कोणाला घाई करू देऊ नका. वनखात्याच्या नाक्यावर नोंद केल्याशिवाय तर पाय टाकूच नका, मेळघाट व्याघ्रप्रकल्प आहे तो, 1974 पासूनचा.

गुरुजी_अचलपूर:
इंग्लंडचा एक विद्यार्थी आमच्यासोबत होता. त्याला ड्यूक ऑफ वेलिंग्टन माहीत, वॉटर्लू माहीत, गाविलगड माहीत नाही. त्याला उत्तरेकडच्या तटापाशी नेऊन सांगितलं की बाबा, 15 डिसेंबर 1803 ला इंग्रजांनी मराठ्यांचा हा किल्ला घेतला तो याच बाजूनं, अन तुझा वेलिंग्टन तेव्हा आर्थर वेलस्ली म्हणून इकडंच होता. त्यांच्यातल्याच कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेनं तोफा डोंगरातून ओढत आणल्या, रस्ता नव्हता तिथं रस्ता करत. पोरगा बराच वेळ खाली बघत राहिला. मग विचारलं, आतले लोक किती मेले? त्यानं हे विचारलं याचं मला बरं वाटलं. आपली पोरं पण विचारत नाहीत.

धुऱ्यावरून:
गुरुजी तुम्ही परतवाड्याच्या शाळेत होते का? आवाज ओळखीचा वाटून रायला 😀

गुरुजी_अचलपूर:
नाही हो, अचलपूरलाच. पण तिकडं सोयरे आहेत.

रानमेवा:
चिखलदरा म्हटलं की मले रबडीच आठवते बाप्पा. अन खवा. ते गवळी लोकं अजून तशीच करतात का?

सातपुडावासी:
हो, करतात. सकाळी लवकर गेलं तर कढईतली मिळते.

लोणारची_लेक:
डोंगर नाही पण लिहू का? आमच्याकडे जर्मनीचे भूगर्भवाले विद्यार्थी आले होते, लोणार सरोवरात उतरायचं. मी अन माझी बहीण सोबत. ते दगड बघत होते, बेसाल्टमध्ये उल्का पडून झालेलं विवर म्हणून, अन मी त्यांना कमळजादेवीचं मंदिर दाखवत होते. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं ना, त्याचा फोटो माझ्या फोनमध्ये होता तो बघून तर सगळे खालीच बसले, खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव वगैरे त्यांची चर्चा सुरू. वर चढताना त्यातली एक मुलगी दमली तर बहिणीनं तिची बॅग घेतली अन शेवटपर्यंत तिच्याबरोबर मागे चालली. पळसफूल ताई, तुमचं वाचलं अन तेच आठवलं. दोघी अजून एकमेकींना मेसेज करतात.
पोळ्या करपून राहिल्या, येते

धुऱ्यावरून:
आमचे बाबा दरवर्षी नागपंचमीच्या सुमारास नागद्वारले जातात, पचमढीच्या डोंगरात. काय तो चढ, काय त्या कपारी. तिथं कोणी गाईड नसते पण कोणी म्हातारं अडलं का चार अनोळखी पोट्टे हात देतात, हर बोला महादेव म्हणत वर. विदेशी पोरांना एकदा ते दाखवलं पाहिजे असं मले वाटते. गर्दी सोसवते का त्यायले मातर माहीत नाही.

तिफण:
आलो. मोटर लागली. तर नरनाळ्यावरून आल्यावर रोडगे केलते पायथ्याशी वावरात. गोवऱ्याच्या आरात (निखाऱ्यात) भाजलेले, वांग्याची भाजी, वरण, अन रोडग्यावर तूप. अफगाणी पोट्टा म्हणे आमच्याकडं बी तंदूरची रोटी, पण हे असं नाही. पाच खाल्ले त्यानं! आईले लय आनंद झाला, तो पुन्हा आला तर म्हणे घरीच आण.

रानमेवा:
तिफण भाऊ रोडग्याचं पीठ कसं घ्यायचं सांगा नं. माझे आतून कच्चे राहतात.

तिफण:
कणीक थोडी जाड दळून आण, मोहन तेलाचं अन ओवा. पोळी लाटून तेल लावून एकात एक चार घड्या गुंडाळायच्या. आर लाल पाहिजे, धग नाही. वरून राख टाकून झाकून ठेवायचे, सारखे उलटायचे नाही.

पळसफूल:
भाच्याला आत्ता सगळं पाठवलं, अस्वलाचं पण. तो म्हणतो मागे त्याचा मित्र चालणार, सेमाडोहचा आहे, रानातलाच. मग मला काळजी नाही. रोडग्याचं पण विचारतोय, पंचवीस माणसांना कणीक किती लागेल तिफण भाऊ?

तिफण:
पाच किलो घे ताई. अन वांगी अंजनगावच्या बाजारातून.