फ्रेमवर्क घरचं लिहावं की बाहेरचं घ्यावं?

मूळ धागा

आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. दोनशेच्या वर स्क्रीन आहेत, सगळ्या अँग्युलरजेएस या गूगलच्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे स्क्रीन बनवायच्या तयार कोडच्या सांगाड्यात. २०१६ मध्ये गूगलने अँग्युलर २ आणलं, ते जुन्याशी जुळणारं नव्हतं, आणि ३१ डिसेंबर २०२१ ला जुन्याचा सपोर्टही थांबला. आमची एकही स्क्रीन बिघडली नव्हती, कुठल्याही संस्थेने नवं काही मागितलं नव्हतं. तरी सगळं पुन्हा लिहायची पाळी आली.

त्यात विकत घेतलेली ग्रिड, म्हणजे स्क्रीनवर आकड्यांचे तक्ते दाखवणारा तयार कोड. तिच्यात एक लाख रुपये १००,००० असे दिसायचे. कॅशियर रोज १,००,००० वाचणारा माणूस, गर्दीच्या वेळी त्याचा एका शून्याचा घोटाळा झाला आणि संध्याकाळी कॅश जुळेना. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं, पुढच्या रिलीजमध्ये बघू. दीड वर्ष झालं. माझं मत पक्कं झालंय: फॉर्म, ग्रिड, प्रिंटिंग हे आपलं आपण लिहावं.

प्रतिसाद १

पूर्ण असहमत. असं घरचं फ्रेमवर्क मी नऊ वर्षं सांभाळलंय. लिहिणारा हुशार होता, तिसऱ्या वर्षी सोडून गेला. मागे राहिली चार हजार ओळींची एक फाइल आणि तिच्या मधोमध कॉमेंट: 'हात लावू नका, पासबुकाची प्रिंट बिघडते.' का बिघडते, हे आजतागायत कुणाला माहीत नाही. नवीन मुलं तीन महिने ते शिकायची आणि वैतागून जायची, कारण बाहेर त्या शिकण्याला काडीची किंमत नव्हती.

सुरक्षेचंही बघा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या प्रोग्रामच्या नोंदी ठेवणाऱ्या तयार कोडमध्ये भगदाड सापडलं. त्या एका महिन्यात २.१५, २.१६, २.१७ अशा आवृत्त्या आल्या, आम्ही बदलत गेलो. धावपळ झाली, पण भोक आहे हे कळलं तरी. घरच्या कोडमधलं भोक शोधायला कोण बसलंय?

धागाकर्ता

कळलं म्हणजे बुजलं असं नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या लोकांच्या कर्जाची माहिती ठेवणाऱ्या कंपनीतली चोरी स्ट्रट्स या फ्रेमवर्कमधल्या भोकातून झाली. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, त्यांनी लावली नाही. १४ कोटींहून जास्त लोकांची माहिती गेली.

आणि आज आपण ज्यांना बाहेरचं म्हणतो, ती मुळात कुणाच्या तरी घरचीच. जँगो हे वेबसाइटचं फ्रेमवर्क अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मलं, रेल्स हे तसलंच दुसरं बेसकॅम्प हे कामांचं नियोजन करायचं सॉफ्टवेअर बनवताना निघालं.

प्रतिसाद २

जँगोचा दाखला तुमच्याच विरुद्ध जातो. २००५ मध्ये ते खुलं केलं, म्हणून हजारो लोकांनी वाचलं, दुरुस्त केलं. आपल्या मुंबईचं फ्रेपे हे फ्रेमवर्कही तसंच, ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा कारभार सांभाळायचं सॉफ्टवेअर लिहिता लिहिता घडलं आणि सोर्स, म्हणजे मूळ कोड, सगळ्यांना दिला. तुम्ही मात्र कपाटात ठेवणार.

मला विचाराल तर खरा धोका बंद सोर्सचा. मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फ्रेमवर्कचा सपोर्ट ऑक्टोबर २०२१ मध्ये संपला, तेव्हा वापरणाऱ्यांच्या हातात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. अँग्युलरजेएसचा सोर्स निदान तुमच्यापाशी आहे. ग्रिडसुद्धा खुली घ्या आणि लाखाचा स्वल्पविराम स्वतः बसवा, दोन दिवसांचं काम. त्यासाठी अख्खं फ्रेमवर्क कशाला?

धागाकर्ता

स्वल्पविराम हे एक उदाहरण झालं. पासबुकाच्या प्रिंटरवर ओळ नेमकी कुठे पडायची, ठेवीची पावती अर्धवट छापून कागद अडकला तर पुढे काय, हे कुठल्याही तयार फ्रेमवर्कात नाही. ते आम्हालाच लिहावं लागतं आणि तिथेच आमची संस्थांकडे पत आहे. राउटिंग (कुठल्या पत्त्यावर कुठली स्क्रीन उघडायची ते), लॉगिन बाहेरचं घ्यायला माझी ना नाही, तेवढं तुमचं पटलं.

प्रतिसाद १

मग एकच सांगा. हे लिहिणारे किती जण? आणि त्यातला एक उद्या गेला, तर मार्चअखेरीला व्याजाची स्क्रीन कोण दुरुस्त करणार?

धागाकर्ता

चौघं आहोत. प्रिंटिंगचा कोड पूर्ण फक्त मला माहीत आहे. सोमवारपासून टीममधल्या एकीला शेजारी बसवतो, पुढची दुरुस्ती ती करेल, मी कीबोर्डला हात लावणार नाही.