मदत हवी आहे: संगणकावर ध्वनिमुद्रण करताना वेव्ह घ्यावे की फ्लॅक?

नमस्कार.

गिटार आणि गायन संगणकावर ध्वनिमुद्रित करण्याची माझी तयारी जवळपास पूर्ण झाली आहे. माइक आणि ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज आकड्यांत बदलून संगणकाला देणारे उपकरण) जोडून झाले आहेत, सॉफ्टवेअर म्हणून रीपर घेतले आहे. घोडे अडले आहे ते ध्वनिफाइलच्या फॉरमॅटपाशी, म्हणजे वेव्ह (WAV) की फ्लॅक (FLAC) इथे. आधी गिटार, त्यावर आवाज आणि मग जोडीचे सूर असे वेगवेगळे ट्रॅक घेऊन नंतर मिक्सिंग करायचे असल्यामुळे एकाच मुद्रणावर पुन्हा पुन्हा काम होणार आहे.

एमपी३ मी मुद्रणापुरते बाजूला ठेवले आहे. कानाला सहसा जाणवणार नाही असा भाग गाळून ती फाइल लहान केलेली असते, गाळलेला भाग परत मिळत नाही आणि कापाकापी करून पुन्हा एमपी३मध्येच साठवले की आणखी थोडी हानी होते. ऐकणाऱ्याला पाठवण्यासाठी ते ठीक आहे, परंतु मूळ प्रत म्हणून ते ठेवणे मला पटत नाही.

फ्लॅकमध्ये फाइल लहान होते आणि उघडल्यावर मूळ नमुने (ठरावीक अंतराने घेतलेली ध्वनीची मोजमापे) जसेच्या तसे मिळतात, असे असताना बहुतेक जण मुद्रण वेव्हमध्येच का करतात, हा माझा मुख्य प्रश्न आहे. ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४८,००० नमुने) आणि २४ बिटला (प्रत्येक नमुना नोंदवण्याची बारकाई) स्टीरिओ वेव्ह मिनिटाला सुमारे १७ एमबी जागा घेते, म्हणजे तासाला साधारण एक जीबी. ट्रॅक वाढले की हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही. त्याचबरोबर १६, २४ आणि ३२ बिट फ्लोट (नमुने दशांश आकड्यांत साठवण्याची पद्धत) यांपैकी काय निवडावे आणि ९६ किलोहर्ट्झला गेल्याने खरोखर काही पदरात पडते का, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद:

ध्वनीच्या दर्जात वेव्ह आणि फ्लॅक यांच्यात काडीचाही फरक नाही, त्यामुळे निर्णय सोयीवर घ्यावा. वेव्हमध्ये नमुने उघडेच ठेवलेले असतात. अनेक ट्रॅक एकाच वेळी वाजवताना प्रोसेसरला ते उलगडत बसावे लागत नाही आणि जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर ती फाइल वाचते. मुद्रण चालू असताना संगणक बंद पडून हेडर (फाइलच्या सुरुवातीची तिच्याविषयीची माहिती) अर्धवट राहिले, तरी आतला कच्चा डेटा बहुधा आयात करून वाचवता येतो. म्हणून काम चालू असेपर्यंत वेव्ह ठेवावे आणि गाणे पूर्ण झाल्यावर सर्व ट्रॅक फ्लॅकमध्ये बदलून जपून ठेवावेत. जागा बहुधा निम्म्याच्या आसपास लागते आणि फ्लॅकमध्ये मूळ ध्वनीचा चेकसम (पडताळणीचा आकडा) नोंदवलेला असल्यामुळे पुढे कधी फाइल बिघडली तर ते तपासता येते.

माझ्या मते फॉरमॅटपेक्षा बिटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. १६ बिटची सैद्धांतिक डायनॅमिक रेंज (सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर) सुमारे ९६ डेसिबल आणि २४ बिटची सुमारे १४४ डेसिबल असल्याने २४ बिटला पातळी थोडी कमी ठेवून, म्हणजे सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास (कमाल पातळीच्या १२ डेसिबल खाली) राहील अशा बेताने, निर्धास्तपणे मुद्रण करता येते. ३२ बिट फ्लोट मिक्सिंगच्या टप्प्यावर उपयोगी आहे, परंतु इंटरफेस २४ बिटचा असेल तर त्याच्या तोंडाशीच फाटलेला आवाज फ्लोटमुळे सुधारत नाही.

नमुना दराच्या निम्म्यापर्यंतच्याच कंपनसंख्या नोंदवल्या जातात आणि मानवी कान साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, त्यामुळे ४८ किलोहर्ट्झ पुरेसे आहे. ९६ला जागा दुप्पट लागेल. मुद्रण संथ करून वाजवायचे नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. प्रकल्प सुरू करण्यापूर्वी इंटरफेस आणि रीपर या दोन्हींचा दर सारखा आहे ना, तेवढे मात्र पाहून घ्यावे.