तीन प्रकल्प आणि एक अर्धा र : रिलीज, चाचण्या आणि योगदान यांचा मेळ कसा घालावा?

प्रश्न : रंकाळाकाठ

नमस्कार. कोल्हापुरातील आम्ही चौघे जण गेली तीन वर्षे मराठी टंकलेखनासाठीचे तीन छोटे मुक्तस्रोत प्रकल्प सांभाळत आहोत. पहिला आयबस या लिनक्सवरील टंकलेखन-साधनातून वापरता येणारा कळफलक, दुसरा हनस्पेल या शुद्धलेखन तपासनिसासाठीचा शब्दकोश, आणि तिसरा जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा परिवर्तक. तिन्हींच्या रेपॉझिटरी, म्हणजे कोड ठेवण्याच्या जागा, वेगळ्या आहेत, सांभाळणारे वेगळे आहेत, आणि ज्याला जेव्हा सवड मिळेल तेव्हा तो आपली आवृत्ती काढतो. शब्दकोश माझ्याकडे आहे.

मागच्या हिवाळ्यात कळफलकाची नवी आवृत्ती निघाली. 'शेतकऱ्यांना' या शब्दातील अर्धा र पूर्वी साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे अदृश्य जोडचिन्ह अशा तीन चिन्हांनी उमटत असे. नव्या आवृत्तीत तो ०९३१ या कोडबिंदूचा (युनिकोडमधील चिन्ह-क्रमांकाचा) ऱ आणि हलन्त अशा दोन चिन्हांनी उमटू लागला. युनिकोडला दोन्ही रीती मान्य आहेत आणि पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, त्यामुळे कळफलक सांभाळणाऱ्या मित्राने काही चुकीचे केले असे मी म्हणणार नाही. माझ्या शब्दकोशात मात्र जुनी रीत होती आणि परिवर्तकही जुन्याच रीतीने लिहीत होता. तिन्ही प्रकल्पांच्या आपापल्या चाचण्या व्यवस्थित उत्तीर्ण झाल्या होत्या.

पंधरा दिवसांनी करवीर तालुक्यातील एका पाणीपुरवठा संस्थेच्या लिपिकाचा फोन आला. सभेच्या सूचनेत 'शेतकऱ्यांना', 'दुसऱ्या', 'पायऱ्या' अशा प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ येत होती. त्यांनी तोच शब्द चार वेळा पुसून पुन्हा टंकला आणि शेवटी शुद्धलेखन तपासणीच बंद करून टाकली. मला याचे फार वाईट वाटले, कारण 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांत स्वयंपाकी आणि गुरुजन इतका फरक पडतो, आणि तपासनीस खरा हवा असतो तो नेमका अशा ठिकाणी. एनएफसी सामान्यीकरणानेही, म्हणजे समतुल्य रीती एकसारख्या करण्याच्या युनिकोडच्या ठरलेल्या पद्धतीनेही, काम भागत नाही. ते र आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) यांचा ऱ करते, पण झेडडब्ल्यूजे असलेली रीत तशीच ठेवते.

दुसरी अडचण योगदानाची आहे. एका विद्यार्थिनीने कळफलक आणि शब्दकोश या दोन्हींत एकाच वेळी करायचा बदल पाठवला होता. कळफलकवाला माझ्या मर्जची, म्हणजे मी बदल आत घेण्याची, वाट पाहत राहिला, मी त्याच्या, आणि चार महिने दोन्ही पुल रिक्वेस्ट (बदल आत घेण्याच्या विनंत्या) तशाच पडून राहिल्या. त्यानंतर तिने काहीही पाठवले नाही.

आमच्याएवढ्या लहान गटाने तिन्ही रेपॉझिटरी एक कराव्यात, की वेगळ्या ठेवून रिलीजची तारीख तेवढी एक करावी? आणि चाचण्या एकत्र चालवायच्या तर त्या नेमक्या कुठे आणि कशाच्या आधारावर?

उत्तर : शिरोलीचा प्रोग्रामर

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या कार्यालयात प्रोग्रामर आहे, त्यामुळे मला हे आधी आमच्या कामातून दिसते. कास्टिंग एका कारखान्यात होते आणि मशिनिंग दुसऱ्यात. कास्टिंगवाल्याच्या मोजमापात भाग बरोबर असतो आणि मशीनशॉपच्या फिक्श्चरमध्ये (भाग पकडून ठेवणाऱ्या साधनात) तो बसत नाही, असे घडते. म्हणून सगळा लॉट ओतण्याआधी पहिला नग पुढच्या दुकानात पाठवून, तिथल्या फिक्श्चरवर बसवून पाहतात. तुमच्या तिन्ही प्रकल्पांत आपापली मोजमापे आहेत, पण पहिला नग पुढच्या दुकानात कोणीच पाठवत नाही.

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, हेच काम २००८ पासून लिनक्स-नेक्स्ट ही रेपॉझिटरी करते. वेगवेगळ्या उपविभागांच्या पुढील आवृत्तीसाठीच्या शाखा (कोडच्या समांतर प्रती) तिथे जवळपास रोज एकत्र करून बांधून पाहिल्या जातात, त्यामुळे दोन आठवड्यांची मर्ज विंडो, म्हणजे नवे बदल आत घेण्याचा काळ, उघडते तेव्हा बहुतेक भांडणे आधीच उघडी पडलेली असतात. ओपनस्टॅक या क्लाउड सॉफ्टवेअर प्रकल्पाची झूल ही चाचणी-प्रणाली आणखी पुढे जाते. एका रेपॉझिटरीतील कमिट संदेशात (बदलासोबतच्या टिपणात) 'डिपेंड्स-ऑन' अशी ओळ लिहून दुसऱ्या रेपॉझिटरीतील बदलाकडे बोट दाखवले, की झूल दोन्ही बदल एकत्र घेऊन चाचणी करते, आणि ज्याच्यावर अवलंबून आहे तो बदल आत गेल्याशिवाय दुसरा जाऊ देत नाही. त्या विद्यार्थिनीच्या बाबतीत नेमके हेच हवे होते. तुम्हाला झूल बसवण्याची गरज नाही. ती ओळ लिहिण्याचा नियम आणि ती वाचून दुसऱ्या रेपॉझिटरीची ती शाखा ओढणारी दहा-पंधरा ओळींची स्क्रिप्ट पुरेशी आहे.

चाचणीचा आधार म्हणून एक चौथी, अगदी लहान रेपॉझिटरी करा आणि तिच्यात फक्त नमुना-यादी ठेवा. प्रत्येक ओळीत कोणत्या कळा दाबायच्या, त्यातून कोणते कोडबिंदू यायला हवेत, आणि शब्दकोशाने तो शब्द स्वीकारावा की नाकारावा, एवढेच असावे. तिन्ही प्रकल्पांनी आपली चाचणी त्या यादीवर चालवावी, आणि यादीत बदल करायचा असेल तर तिघांचीही संमती लागावी. आज तुमचा आपसातला करार कुठेच लिहिलेला नाही, तो तिघांच्या डोक्यात तीन प्रकारे आहे.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो, कारण ती बहुतेक वेळा राहून जाते. तिघांच्या ताज्या शाखा एकत्र तपासणे पुरेसे नाही. त्या पाणीपुरवठा संस्थेत नवा कळफलक आणि जुना शब्दकोश असेच मिश्रण असणार, कारण वापरणारे तिन्ही गोष्टी एका दिवशी अद्ययावत करत नाहीत. म्हणून तुमची ताजी शाखा इतर दोघांच्या आधीच प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीबरोबरही चालली पाहिजे. डेबियन या लिनक्स वितरणात अनस्टेबल या ताज्या विभागातील पॅकेज पुढच्या टेस्टिंग विभागात जाण्याआधी त्यावर अवलंबून असलेल्या इतर पॅकेजांच्या चाचण्याही नव्या आवृत्तीबरोबर चालवल्या जातात, आणि त्यांपैकी एखादी बिघडली तर प्रवेश अडतो.

यातूनच बदलाचा क्रमही ठरतो. आधी वाचणाऱ्याने (म्हणजे शब्दकोशाने) दोन्ही रीती स्वीकारायच्या, मग लिहिणाऱ्याने (म्हणजे कळफलकाने आणि परिवर्तकाने) नवी रीत सुरू करायची. हनस्पेलच्या अ‍ॅफिक्स या नियमांच्या फाइलमध्ये आयकॉन्व्ह हा पर्याय त्यासाठीच आहे. आलेला शब्द तपासण्याआधी झेडडब्ल्यूजेवाला अर्धा र तो नव्या रीतीत बदलून घेऊ शकतो. शब्दकोशाची ती आवृत्ती आधी निघाली असती आणि कळफलक एक रिलीज थांबला असता, तर कोणालाच काही कळले नसते. जुन्या रीतीचा स्वीकार पुढेही बंद करू नका, कारण जुन्या फायली लोकांकडे कायम राहणार आहेत.

उत्तर : राजारामपुरीकर

वरील उत्तरातील चाचणीचा भाग मला मान्य आहे, पण माझे मत रेपॉझिटरी एक करण्याच्या बाजूने आहे. चौघांच्या गटाने चार रेपॉझिटरी, आपसांतील अवलंबित्वाच्या ओळी आणि त्या वाचणाऱ्या स्क्रिप्ट सांभाळायच्या, हा खर्च शेवटी त्याच चौघांच्या रविवारांतून जातो. लिनक्स कर्नलचेच उदाहरण पाहा : त्याचे अंतर्गत इंटरफेस (भागांना जोडणाऱ्या रीती) स्थिर ठेवण्याचे वचन कोणी देत नाही, तरी ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे कोड) त्याच वृक्षात, म्हणजे त्याच रेपॉझिटरीत, असल्यामुळे इंटरफेस बदलणाराच तो वापरणारी सगळी ठिकाणे दुरुस्त करतो. तुमच्या त्या विद्यार्थिनीने एकच पुल रिक्वेस्ट पाठवली असती आणि कोणी कोणाची वाट पाहिली नसती.

उत्तर : गडहिंग्लजची शिक्षिका

मी गडहिंग्लजला शिकवते आणि काही मुक्तस्रोत प्रकल्पांचे मराठी भाषांतर करते. रेपॉझिटरी एक की अनेक, यापेक्षा तारखेचा प्रश्न मला जास्त जवळचा आहे, कारण तारीख माहीत नसल्याचा त्रास सर्वांत आधी भाषांतर करणाऱ्याला होतो.

नोम हा डेस्कटॉप प्रकल्प दर वर्षी मार्च आणि सप्टेंबरमध्ये आवृत्ती काढतो, आणि त्याआधी काही आठवडे स्ट्रिंग फ्रीझ असतो, म्हणजे पडद्यावरील मजकूर विनापरवानगी बदलता येत नाही. तेवढ्या काळात शाळा सांभाळूनही माझे काम पुरे होते. उबंटू या लिनक्स वितरणाचेही तसेच, एप्रिल आणि ऑक्टोबर. २००६ मधील ६.०६ ही आवृत्ती दोन महिने लांबवून जूनमध्ये काढली गेली, तो अपवाद तिच्या क्रमांकातच (वर्ष आणि महिना) दिसतो. आपल्याकडे उसाला पाण्याची पाळी असते, तसे हे आहे. पाळी आली आणि तुमचे वाफे तयार नसतील, तर पाणी तुमच्यासाठी थांबत नाही, पुढच्याच्या शेतात जाते, आणि तुम्ही पुढची पाळी धरता. तारीख ठरलेली आणि त्यात काय जाईल ते न ठरलेले, असा हा रिवाज आहे. पुढची पाळी नक्की येणार याची खात्री असली, की अर्धवट बदल घाईने आत ढकलण्याचा मोह कमी होतो.

आता तुमच्या तारखा. जुलै-ऑगस्ट धरू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात वीज आणि रस्ते यांचे काय झाले होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे, आणि पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांच्या धोका पातळीकडे जाऊ लागली, की चौघांपैकी दोघे तरी घरच्या सामानाच्या आवराआवरीत असणार. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा असतात. लिब्रेऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या मोठ्या आवृत्त्या साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये येतात आणि त्यांचा फ्रीझ काही आठवडे आधी लागतो. तुमचा शब्दकोश त्यांच्यापर्यंत पोहोचवायचा असेल, तर नोव्हेंबरअखेर आणि मेअखेर या तारखा मला योग्य वाटतात. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन मनाला ओढतो, हे मी जाणते, पण समारंभाची तारीख पुढे ढकलता येत नाही आणि मग सदोष आवृत्तीही त्या दिवशी काढावी लागते.

राजारामपुरीकरांना एक विचारते. शब्द पाठवणाऱ्या माणसांना कळफलकाच्या कोडशी काहीच कर्तव्य नसते. माझ्या ओळखीच्या दोन निवृत्त शिक्षकांनी शब्दकोशाला शब्द दिले आहेत. एकत्र रेपॉझिटरीत ते हरवून जाणार नाहीत का? केडीई या डेस्कटॉप प्रकल्पाचे मला यासाठी पटते : त्याच्या फ्रेमवर्क्स (पायाभूत भाग), प्लाझ्मा (डेस्कटॉप) आणि गिअर (अनुप्रयोग) यांची वेळापत्रके एरवी वेगळी असतात, आणि सहाव्या पिढीकडे जाताना मात्र २८ फेब्रुवारी २०२४ रोजी तिन्ही एकाच दिवशी आले. रोजचे काम वेगळे ठेवून फक्त मोठ्या वळणावर एकत्र येता येते.

उत्तर : राजारामपुरीकर

शब्द देणाऱ्यांचा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता, तो मान्य करतो. मग निदान कळफलक आणि परिवर्तक तरी एकत्र आणावेत, कारण दोन्ही कोड लिहिणाऱ्यांचे आहेत आणि दोन्ही प्रकल्प अर्धा र लिहिणारे आहेत, तो वाचणारा फक्त शब्दकोश आहे.

शब्दांच्या योगदानाबाबत आणखी एक : प्रत्येक शब्दयादी कुठून आली हे लिहून घ्या. छापील कोशातून उतरवलेली यादी आत गेली, तर परवान्याचा प्रश्न सगळ्या प्रकल्पाला चिकटतो. कर्नलमध्ये २००४ पासून योगदान देणारा 'साइन्ड-ऑफ-बाय' या ओळीने हे देण्याचा आपल्याला अधिकार असल्याचे सांगतो. गिट हे कोड सांभाळण्याचे साधन न वापरणाऱ्या शिक्षकांकडून तेच वाक्य साध्या ईमेलमध्येही घेता येईल.

प्रश्नकर्ता : रंकाळाकाठ

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात, मनापासून आभारी आहे. काल आम्ही चौघे भेटलो. कळफलक आणि परिवर्तक एका रेपॉझिटरीत येतील, शब्दकोश वेगळा राहील, आणि नमुना-यादीची रेपॉझिटरी आजच उघडली आहे. पहिली संयुक्त आवृत्ती मेअखेर निघेल, आणि त्याआधी तीन आठवडे शब्दांच्या दुरुस्त्यांखेरीज काहीही आत जाणार नाही. प्रत्येक रिलीजला चौघांपैकी एक जण समन्वयक असेल, आणि दोन्हीकडे हात घालणाऱ्या बदलाला सात दिवसांत उत्तर देणे ही त्याची जबाबदारी राहील. पहिली पाळी मी घेतली आहे. त्या विद्यार्थिनीला पत्र लिहून उशिराबद्दल क्षमा मागितली आणि तिचा बदल तिच्याच नावाने आत घेऊ का, असे विचारले आहे.

आयकॉन्व्हची दुरुस्ती असलेली शब्दकोशाची आवृत्ती मात्र मेपर्यंत थांबवायची, की आताच काढायची?

उत्तर : शिरोलीचा प्रोग्रामर

आताच काढा. वेळापत्रक नव्या गोष्टींसाठी असते. लोकांच्या पडद्यावर आज लाल रेघ आहे, तिची दुरुस्ती वेगळ्या लहान आवृत्तीत जावी आणि तिच्यात दुसरे काहीही नसावे. फक्त नमुना-यादीत शब्द भरताना ते नुसते डोळ्यांनी तपासू नका. काही संपादक आणि चॅटची साधने झेडडब्ल्यूजे गुपचूप गाळतात, मग यादीतच दोन्ही रीतींच्या ओळींत एकच रीत उरते आणि चाचणी विनाकारण उत्तीर्ण होते. प्रत्येक ओळीचे कोडबिंदू आकड्यांत छापून ताडून पाहा.