ऑस्बर्न यांच्यानंतर पाच प्रशिक्षक आले आणि पाचही गेले: नेब्रास्काच्या फुटबॉलचे दुखणे कुठे आहे?

दक्षिण लिंकन (धागालेखक)

अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या (अमेरिकन) फुटबॉल संघाचा विषय निघाला की चर्चा लगेच व्यक्तींवर घसरते. कॅलाहन यांना कॉलेजचा खेळ कळला नाही, पेलिनी यांचा राग आवरत नव्हता, रायली फार मवाळ होते, फ्रॉस्ट यांना अटीतटीचे सामने जिंकता येत नव्हते. यातील प्रत्येक विधानात तथ्य आहे. पण पाच माणसे लागोपाठ पाच वेगळ्या कारणांनी अपयशी ठरली असे मानायचे, तर योगायोगावर जरा जास्तच विश्वास ठेवावा लागतो.

जे हा खेळ नियमित पाहत नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. बॉब डेव्हेनी १९६२ मध्ये आले आणि त्यांनी १९७० व १९७१ ची राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली. त्यांचे सहायक टॉम ऑस्बर्न १९७३ ते १९९७ अशी २५ वर्षे हेड कोच होते. २५५ विजय, ४९ पराभव आणि १९९४, १९९५ व १९९७ ही तीन अजिंक्यपदे त्यांच्या नावावर आहेत. लिंकनच्या मेमोरियल स्टेडियममधील प्रत्येक सामना १९६२ पासून हाऊसफुल्ल आहे. आणि तरीही या संघाने आपल्या कॉन्फरन्सचे, म्हणजे विद्यापीठांच्या साखळी गटाचे, शेवटचे विजेतेपद मिळवले ते १९९९ मध्ये.

आता माझा मुद्दा. हेड कोच नेमणे आणि काढणे हे ॲथलेटिक डायरेक्टरचे काम असते. फ्रँक सोलिच यांची नेमणूक बिल बर्न डायरेक्टर असताना झाली, त्यांना काढले स्टीव्ह पीडरसन यांनी. पीडरसन यांनी आणलेल्या बिल कॅलाहन यांना काढले ऑस्बर्न यांनी, जे तोपर्यंत स्वतः डायरेक्टर झाले होते. ऑस्बर्न यांनी निवडलेल्या बो पेलिनी यांना शॉन आयकॉर्स्ट यांनी नारळ दिला, आयकॉर्स्ट यांच्या माइक रायली यांना बिल मूस यांनी, आणि मूस यांच्या स्कॉट फ्रॉस्ट यांना ट्रेव्ह अल्बर्ट्स यांनी. पाचही वेळा नेमणारा एक आणि काढणारा दुसरा. डेव्हेनी १९६७ पासून १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत डायरेक्टर होते, म्हणजे ऑस्बर्न यांच्या कारकिर्दीतील बहुतेक काळ त्यांचा वरिष्ठ हाच त्यांना घडवणारा माणूस होता. ऑस्बर्न पहिली पाच वर्षे ओक्लाहोमाकडून सलग हरले आणि त्यांचे पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद आले बाविसाव्या मोसमात. आजच्या व्यवस्थेत ते आठव्या वर्षापर्यंत तरी पोहोचले असते का, याची मला शंका आहे.

नवा डायरेक्टर येतो तेव्हा आधीचा प्रशिक्षक त्याच्यासाठी दुसऱ्याचा माणूस असतो. आपल्याकडे सरकार बदलले की जुनी योजना गुंडाळून नव्या नावाची योजना आणतात, तसेच काहीसे. आणि गुंडाळण्याचे समर्थन करण्यासाठी नवा माणूस आधीच्याच्या अगदी उलट असावा लागतो. सोलिच यांचा संघ ऑप्शन पद्धतीने, म्हणजे चेंडू हाती घेऊन धावण्यावर भर देऊन खेळत असे. त्याच खेळाडूंच्या हाती कॅलाहन यांनी व्यावसायिक लीगमधील पासिंगची किचकट पद्धत दिली. २००४ मध्ये संघ ५-६ (५ विजय, ६ पराभव) वर घसरला, टेक्सास टेककडून ७०-१० असा हरला आणि सलग ३५ वर्षे बोल सामना, म्हणजे चांगल्या संघांना मिळणारा मोसमाअखेरचा सामना, खेळण्याची परंपरा संपली. संतापी पेलिनींच्या मागोमाग सौम्य रायली आले, बाहेरच्या रायलींच्या मागोमाग घरचा मुलगा फ्रॉस्ट, म्हणजे १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक. प्रत्येक निवड हे मागच्या माणसाला दिलेले उत्तर होते. संघाला काय हवे आहे हा प्रश्न त्यात फारसा कोणी विचारलेला दिसत नाही.

आकडेमोड

मांडणी आकर्षक आहे, पण कार्य आणि कारण यांची अदलाबदल झाली आहे असे मला वाटते. पीडरसन यांना ऑक्टोबर २००७ मध्ये काढले, ते कॅलाहन यांचा संघ त्या मोसमात कोसळत असताना. आयकॉर्स्ट यांना सप्टेंबर २०१७ मध्ये काढले, ते रायली यांचा संघ घरच्या मैदानावर नॉर्दर्न इलिनॉयकडून हरल्यानंतर काही दिवसांत. म्हणजे डायरेक्टर बदलला म्हणून प्रशिक्षक पडला असे झाले नाही; प्रशिक्षक पडत होता आणि त्याने जाताना डायरेक्टरलाही सोबत नेले. अशा वेळी काढण्याचे काम नव्या माणसाकडे येणारच. आपण ज्याला नमुना म्हणता तो पाचपैकी दोन प्रकरणांत तुमच्या विरोधात साक्ष देतो.

शिवाय फ्रॉस्ट यांच्यावरील जबाबदारी आपण फार हलक्या हाताने बाजूला सारली आहे. ते १६-३१ वर थांबले. एका स्कोअरच्या फरकाने सुटलेल्या सामन्यांत त्यांची कामगिरी ५-२२ होती. २०२१ मध्ये ३-९ अशा मोसमातील नऊही पराभव ९ किंवा त्याहून कमी गुणांनी झाले. इतके जवळचे सामने हरणारा संघ ताकदीने कमी नसतो. तो शिस्तीने, किकिंगच्या तयारीने आणि मोक्याच्या निर्णयांनी कमी असतो, आणि हे सारे प्रशिक्षकाचे खाते आहे. २०२२ च्या सलामीला डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध आघाडीवर असताना त्यांनी ऑनसाइड किकचा, म्हणजे चेंडू जवळच मारून तो आपणच परत मिळवण्याचा, जुगार खेळला, आणि सामना ३१-२८ असा हातचा गेला. त्या क्षणी कोणताही डायरेक्टर त्यांच्या कानाशी नव्हता.

दक्षिण लिंकन

पीडरसन आणि आयकॉर्स्ट यांच्याबाबत आपले म्हणणे मान्य. परंतु माझे जे प्रकरण सर्वांत भक्कम आहे त्याला आपण हातच लावला नाही. सोलिच यांना नोव्हेंबर २००३ मध्ये काढले तेव्हा त्या मोसमाची कामगिरी ९-३ होती आणि एकूण ५८-१९. दोनच वर्षांपूर्वी त्यांनी संघाला राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत नेले होते. २००२ च्या ७-७ नंतर त्यांनी सहायकांची फळी बदलली होती आणि पेलिनी यांच्याकडे डिफेन्स सोपवला होता. म्हणजे दुरुस्ती सुरू झालेली होती. बर्न टेक्सास ए अँड एमला निघून गेले, पीडरसन आले आणि वर्षभरात निकाल लागला. सोलिच पुढे ओहायो विद्यापीठात गेले आणि तेथे १६ मोसमांत त्यांनी ११५ सामने जिंकले. हा माणूस संपलेला नव्हता.

पेलिनी यांचेही तेच. सात मोसम, आणि एकाही मोसमात ९ पेक्षा कमी विजय नाहीत. त्यांच्यानंतर ९ विजय मिळाले ते फक्त एकदा, २०१६ मध्ये.

मैदानी वारा

सोलिच आणि पेलिनी यांच्याविषयी हळहळ मलाही आहे, पण आपण दोघेही एका मोठ्या गोष्टीला वळसा घालत आहात. नेब्रास्काचे सुवर्णयुग काही विशिष्ट नियमांवर उभे होते आणि ते नियम राहिले नाहीत.

राज्याची लोकसंख्या २० लाखांच्या आसपास. उत्तम खेळाडू टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया येथे तयार होतात. ऑस्बर्न यांनी यावर दोन उपाय केले होते. एक म्हणजे स्कॉलरशिपशिवाय स्वखर्चाने संघात येणाऱ्या वॉक-ऑन मुलांची प्रचंड फौज: गावोगावची शेतकऱ्यांची धिप्पाड मुले चार-पाच वर्षे व्यायामशाळेत घडवायची आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी मैदानात उतरवायची. बॉइड एप्ली यांनी १९६९ पासून येथे उभारलेला स्ट्रेंग्थ ट्रेनिंगचा कार्यक्रम देशात इतर कोणाकडे नव्हता. नंतर तो सगळ्यांकडे आला. दुसरा उपाय म्हणजे शैक्षणिक अटी अंशतःच पूर्ण करणाऱ्या गुणवान खेळाडूंना प्रवेश. १९९६ मध्ये बिग १२ कॉन्फरन्स सुरू झाली तेव्हा टेक्सास विद्यापीठाच्या आग्रहाने अशा प्रवेशांवर कडक मर्यादा आल्या. २०११ मध्ये बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेल्यावर टेक्सासमध्ये दरवर्षी सामने खेळणे बंद झाले आणि तेथील मुलांपर्यंत पोहोचण्याची वाटही अरुंद झाली. आता २०२५ पासून संघातील एकूण खेळाडूंची संख्याच १०५ वर बांधली गेली आहे, त्यामुळे वॉक-ऑन परंपरेचा कणा मोडल्यातच जमा आहे. अशा परिस्थितीत प्रशिक्षक कोण आणि त्याला कोणी नेमले, यावर आपण किती शाई खर्च करावी?

आयोवाकाठ

वरील प्रतिसादातील तपशील बरोबर आहेत, निष्कर्ष मात्र नाही. आणि तो खोडण्यासाठी मिसुरी नदी ओलांडण्यापलीकडे काही करावे लागत नाही. आयोवाची लोकसंख्या नेब्रास्काच्या दीडपटीहून अधिक, पण तेथे आयोवा आणि आयोवा स्टेट असे दोन मोठे संघ तीच मुले वाटून घेतात. हवा तीच, मकाही तोच, आणि टेक्सास तितकेच दूर. १९७९ पासून २०२४ पर्यंत आयोवाने हेड कोच नेमले दोन: १९९८ पर्यंत हेडन फ्राय आणि १९९९ पासून कर्क फेरेंट्झ. फेरेंट्झ यांचा पहिला मोसम १-१० होता. लिंकनमध्ये असा आरंभ करणाऱ्याचे काय झाले असते ते सांगायला नको. २०१५ ते २०२१ या काळात आयोवाने नेब्रास्काला सलग सात वेळा हरवले.

विस्कॉन्सिनचे उदाहरण तर अधिकच बोचणारे आहे. बॅरी अल्वारेझ हे डेव्हेनी यांच्या हाताखाली नेब्रास्काकडून खेळलेले लाइनबॅकर. त्यांनी १९९० मध्ये मॅडिसनला, म्हणजे विस्कॉन्सिन विद्यापीठात, जाऊन पहिल्या मोसमात १-१० अशी कामगिरी केली आणि चौथ्या मोसमाअखेर रोझ बोल हा मानाचा बोल सामना जिंकला. त्यांची कृती काय होती? स्थानिक धिप्पाड मुले, भक्कम ऑफेन्सिव्ह लाइन, वॉक-ऑन, धावण्याचा खेळ. पुढे प्रशिक्षकपद सोडल्यावरही डायरेक्टर म्हणून ते २०२१ पर्यंत तेथेच होते. २०१२ च्या बिग टेन अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनने पेलिनी यांच्या संघाला ७०-३१ असे चिरडले, तेही प्रामुख्याने धावूनच. नेब्रास्काने जी पद्धत कालबाह्य म्हणून टाकून दिली, तिनेच नेब्रास्काचा पराभव होत होता. त्यामुळे नियम बदलले ही सबब मला पटत नाही. माझे मत धागालेखकांच्या बाजूने, मात्र भर डायरेक्टरच्या नावांवर न देता पद्धतीच्या सातत्यावर द्यावा असे सुचवीन.

आकडेमोड

सातत्याचे एवढे कौतुक असेल तर इंडियानाचे काय करायचे? कॉलेज फुटबॉलमध्ये त्यांच्याइतके सामने क्वचितच कोणी हरले असतील. २०२३ मध्ये ते ३-९ होते. कर्ट सिग्नेटी आले, जेम्स मॅडिसन विद्यापीठातील आपले १३ खेळाडू ट्रान्सफर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणीतून) सोबत घेऊन आले, आणि २०२४ मध्ये ११-२ अशा कामगिरीसह इंडियाना राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या प्लेऑफमध्ये पोहोचले. त्याच मोसमात त्यांनी नेब्रास्काला ५६-७ ने हरवले. तेथे परंपरा नव्हती, फेरेंट्झ यांच्यासारखी पंचवीस वर्षे नव्हती, सुपीक भरती-प्रदेश नव्हता. एक माणूस योग्य निवडला गेला. पोर्टल आल्यापासून "दुसऱ्याने जमवलेले खेळाडू" ही अडचण एका हिवाळ्यात सुटते, हे ध्यानात घेतले तर धागालेखकांचे कॅलाहन यांच्याविषयीचे निरीक्षण २००४ पुरते खरे आणि आज गैरलागू ठरते.

दक्षिण लिंकन

इंडियानाचे उदाहरण वजनदार आहे, हे मान्य करतो. पण सिग्नेटी यांच्याकडून तेथे कोणी १९९७ ची अपेक्षा करत नव्हते. नेब्रास्कात प्रशिक्षकाला पहिल्या दिवसापासून पुतळ्यांशी स्पर्धा करावी लागते, आणि ज्यांचा पुतळा आहे त्यांपैकी एक जण डायरेक्टर होऊन वरच्या खोलीत बसलेला होता. सध्याचे मॅट रूल २०२२ च्या अखेरीस ८ वर्षांच्या, ७ कोटी ४० लाख डॉलरच्या करारावर आले. पहिला मोसम ५-७, दुसरा ७-६ आणि २०१६ नंतरचा पहिला बोल सामना. त्यांना आणणारे अल्बर्ट्स मार्च २०२४ मध्ये टेक्सास ए अँड एमला गेले. म्हणजे माझा नमुना सहाव्यांदा तयार आहे. फरक एवढाच की नवे डायरेक्टर ट्रॉय डॅनन यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये रूल यांचा करार २०३२ पर्यंत वाढवला. दुसऱ्याने आणलेला माणूस स्वतःचा मानल्याची ही खूण मला आश्वासक वाटते.

तिरकस रेषा

इतका वेळ नुसता वाचत होतो, पण शेवटच्या वाक्यावर राहवले नाही. कॅलाहन यांचा करार सप्टेंबर २००७ मध्ये वाढवला आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना काढले. फ्रॉस्ट यांचा करार २०१९ मध्ये वाढवला. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांना घालवायला सुमारे दीड कोटी डॉलर मोजावे लागले, आणि तीन आठवडे थांबले असते तर ती रक्कम निम्मी झाली असती. ही दोन उदाहरणे नेमणाऱ्यानेच करार वाढवल्याची आहेत म्हणून आपण बाजूला काढाल. मग पेलिनी यांचे पाहा: आयकॉर्स्ट यांनी त्यांना नेमले नव्हते, तरी २०१४ चा मोसम सुरू होण्याआधी त्यांचा करार एक वर्षाने वाढवला आणि पगारही वाढवला. त्याच नोव्हेंबरच्या ३० तारखेला पेलिनी घरी होते.