नीस–मादोन सायकलफेरी: कोणत्या दिशेने जावे?

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात आम्ही दोघे आठवडाभर फ्रान्समधील नीस येथे मुक्कामाला असून त्यातला एक पूर्ण दिवस सायकलीसाठी राखून ठेवला आहे. नकाशावर आखलेला मार्ग असा आहे: नीसहून ग्रांद कॉर्निश या वरच्या रस्त्याने ला तुर्बी, तेथून पेई, मग कोल द ला मादोन ही खिंड, सँत-आन्येस, खाली मांतों आणि समुद्रकाठाने परत नीस. अंतर सुमारे 80 किलोमीटर भरते. सपाटीवर शंभर किलोमीटर चालवण्याची आम्हाला सवय आहे, परंतु सलग तासाहून अधिक काळ चालणारा चढ आजवर केलेला नाही. सायकलींना पुढे पेडलपाशी 34 दातांची लहान चेनरिंग (दातेरी चकती) आणि मागे कॅसेटवर, म्हणजे मागच्या चाकावरील चकत्यांच्या संचावर, सर्वांत मोठी चकती 28 दातांची आहे. हा मार्ग ज्यांनी केला असेल त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

*

ताई, नमस्कार.

मार्ग उत्तम निवडला आहे, फक्त तो उलट्या दिशेने करावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. फ्रान्समध्ये वाहने उजवीकडून चालतात. त्यामुळे नीसहून पूर्वेला मांतोंकडे निघालात की समुद्र तुमच्या बाजूला येतो आणि कठड्यापलीकडे विलफ्रांशचा उपसागर कोणत्याही आडोशाविना दिसत राहतो. तोच रस्ता परतीला केल्यास मधून दोन्ही दिशांची वाहने जातात आणि पाण्याऐवजी मोटारींची रांगच अधिक दिसते.

दुसरे कारण उताराचे आहे. मी पहिल्या खेपेस तुमच्याच क्रमाने गेलो होतो. मादोनहून मांतोंपर्यंत सुमारे 925 मीटर खाली यावे लागते आणि रस्ता अरुंद, वळणावळणाचा आहे. मांतोंला पोहोचलो तेव्हा ब्रेक दाबून दाबून बोटे इतकी आखडली होती की पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडेना. ते शेवटी दातांनी उघडले. त्यानंतरचे तीस किलोमीटर उन्हात आणि गर्दीत काढले, त्यामुळे त्या किनाऱ्याचे मला फारसे काही आठवत नाही. हाच रस्ता चढताना मात्र माणूस सावकाश जातो, प्रत्येक वळणावर मागे वळून पाहतो आणि समुद्र किती खाली राहिला हे त्याला टप्प्याटप्प्याने कळत जाते.

गिअरविषयी स्पष्टच लिहितो, कारण दिवस सुखाचा जाईल की हालाचा हे त्यावरच ठरेल. मांतोंकडून हा चढ साधारण साडेतेरा किलोमीटरचा असून त्याची सरासरी सात टक्क्यांच्या जवळ जाते. माणूस आणि सायकल मिळून 85 किलो वजन धरले तर ताशी 10 किलोमीटर वेगाने चढण्यासाठी सुमारे 180 वॅट शक्ती सतत लागते. या वेगाला 34-28 वर (पुढे 34, मागे 28 दात) पेडलचे मिनिटाला 65 फेरे पडतात, तर 34-34 वर सुमारे 79. शक्ती तेवढीच लागते, पण पहिल्या प्रकारात प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर येणारा जोर अधिक असतो आणि तासाभराने मांड्या भरून येतात. कॅसेट बदलून घ्यावी. मागचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) 34 दात पेलतो का, हे मात्र आधी तपासावे लागेल.

सँत-आन्येस हे मुख्य चढापासून थोडे बाजूला, सुमारे 780 मीटर उंचीवर आहे. युरोपच्या किनाऱ्यालगतचे सर्वांत उंच गाव म्हणून ते मिरवले जाते. समुद्रमार्गे येणाऱ्या लुटारूंच्या भीतीने या भागातली गावे अशी कड्यांवर वसली. त्याच कड्याच्या पोटात 1930 च्या दशकात मॅजिनो या फ्रान्सच्या सीमेवरील तटबंदीचा किल्ला कोरला गेला, त्यामुळे जागा हेरण्याची ती जुनी नजर किती अचूक होती हे तिथे उभे राहिल्यावर पटते. गावांतल्या नळावर पाणी भरताना पाटी वाचावी: ‘ओ पोताब्ल’ म्हणजे पिण्याचे पाणी, मध्ये ‘नों’ असेल तर ते पिऊ नये.

माथ्यावर पोहोचताच वाऱ्याला अडवणारे जाकीट घालावे. किनाऱ्यापेक्षा तिथे पाचसहा अंश थंड असते आणि घामाने भिजलेल्या अंगाने उतरल्यास हुडहुडी भरते. पेई ते ला तुर्बी हा चढउताराचा शांत भाग आहे. ला तुर्बीला रोमन सम्राट ऑगस्टसच्या आल्प्समधील जमातींवरील विजयाप्रीत्यर्थ उभारलेले स्मारक थेट रस्त्यावरून दिसते, तिथे थांबावेच. पुढचा एझ खिंडीवरून नीसला उतरणारा रस्ता तोच आहे, ज्यावरून 2024 साली ‘तूर द फ्रान्स’चा शेवटचा टप्पा गेला. ऑलिम्पिकमुळे ती शर्यत तेव्हा प्रथमच पॅरिसऐवजी नीसला संपली.

*

सर्वांना नमस्कार.

काकांनी सांगितलेल्या दिशेशी मी पूर्ण सहमत आहे, मात्र त्यात वाराची अट घालावीशी वाटते. कामाच्या दिवशी सकाळी मोनाकोला नोकरीसाठी जाणाऱ्यांची याच समुद्रकाठच्या रस्त्यावर, म्हणजे बास कॉर्निशवर, मोठी गर्दी असते, म्हणून रविवार निवडावा आणि शक्यतो सातच्या आत निघावे. मधल्या मोयेन कॉर्निशवर बोगदे आहेत आणि वाहने वेगाने धावतात, त्यामुळे चुकूनही तिकडे वळू नये. कानात इयरफोन घालून सायकल चालवण्यास फ्रान्समध्ये बंदी आहे, हेही ध्यानात असावे. मांतोंला पोहोचेपर्यंतच दम लागला असेल तर तेथून नीसला परतणारी स्थानिक रेल्वे आहे. चढाला लागण्यापूर्वी तो निर्णय मोकळेपणाने घ्यावा, कारण वर गेल्यावर असा मार्ग राहत नाही.

*

काका आणि दादा, दोघांचेही मनःपूर्वक आभार.

रविवार आणि उलटी दिशा, दोन्ही ठरले. आमच्या डिरेलरला 32 दातांपेक्षा मोठी चकती चालत नाही असे दुकानदाराने तपासून सांगितले, म्हणून 32 दातांचीच बसवून घेतली आहे. निघण्याआधी चार आठवडे दर रविवारी तासभराच्या चढाचा सराव करणार आहोत. सँत-आन्येसपर्यंत पाय शाबूत राहिले तर किल्ला पाहून मगच खिंडीकडे वळू.