मदत हवी आहे: चर्चचे मेसेज निम्म्या लोकांना पोचेनात

जुना_सोलापुरी: सलाम. अर्जंट आहे. आमच्या चर्चचे व्हॉट्सॲप मेसेज निम्म्या घरांना पोचेनात. मागच्या रविवारी उपासना तासभर अलीकडं घेतली, शुक्रवारीच टाकलं होतं तरी बरेच जण नेहमीच्या वेळेला आले आणि तोवर प्रभुभोजन उरकलेलं. पंच कमिटी माझ्यावर चिडलीय, पाळकसाहेब गप्प. आधी नीट चालू होतं. लवकर सांगा, परवा परत रविवार.

विजापूर_रोड: ग्रुपमध्ये किती जण? १०२४ झाले की पुढं कुणी ॲड होत नाही.

पुण्यातून: चॅनल काढा की राव. नंबर एकमेकांना दिसत नाहीत, कटकट नाही. आम्ही इथं तेच करतो.

विजापूर_रोड: चॅनलचा आवाज मुळातच बंद असतो, वर तो अपडेट्समध्ये जाऊन बसतो. आमच्या मावशीला सापडेपर्यंत नाताळ उजाडेल. आणि खाली 'आमेन' लिहिता येईना म्हटल्यावर लोकांना वाचल्यासारखं वाटत नाही.

पुण्यातून: मावशीला एकदा शिकवा, किती दिवस मावशीचंच कारण.

पेटीवाला: यूट्यूब लाइव्ह करा. मोबाईलवरून करायला ५० सबस्क्रायबर लागतात आणि पहिल्यांदा चालू केलं की २४ तास थांबावं लागू शकतं, म्हणजे आजच करा. आपली भजनं लिहिणारे ना. वा. टिळक १९१९ ला गेले, त्यांच्या शब्दांवर आता कॉपीराइट नाही, पण कुणाचं रेकॉर्डिंग मागं वाजवलं तर क्लेम येतो. आम्ही पेटी-तबलाच घेतो.

जुना_सोलापुरी: अहो यूट्यूब कुणी विचारलंय! वेळ कळवायचीय फक्त.

नरसय्या_७: तेलुगू उपासनेची वेळ पण टाकत जा, कायम मराठीचीच असते.

ताई_संडेस्कूल: थांबा हो सगळे. ग्रुप आहे का ब्रॉडकास्ट लिस्ट? आणि मध्यंतरी काय बदललं?

जुना_सोलापुरी: ब्रॉडकास्टच की. ग्रुपवर पहाटेपासून गुलाबाची फुलं यायची म्हणून बंद केला. बदललं काही नाही, चर्चसाठी नवीन सिम घेतलं तेवढंच, माझ्या नंबरवर रात्री अकराला फोन यायचे.

ताई_संडेस्कूल: तेवढंच म्हणे! ब्रॉडकास्ट फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो. नवीन नंबर आहे कुणाकडं? परवाचं जुन्या नंबरवरून टाका आणि उपासना सुटायच्या आधी सगळ्यांना बसल्या जागी नवीन सेव्ह करायला लावा. एका लिस्टमध्ये २५६च बसतात, तेही बघा.

विजापूर_रोड: त्यापेक्षा ग्रुपच चालू करा, फक्त ॲडमिन लिहील असं सेटिंग असतं. फुलं बंद.

ताई_संडेस्कूल: चालेल, पण प्रार्थनेच्या विनंत्या त्यावर नकोत. आमच्यात एकीच्या ऑपरेशनचं टाकलं, तिनं सासरी सांगितलंच नव्हतं, संध्याकाळी सासूचा फोन. ते पाळकांना वेगळं कळवावं.

जुना_सोलापुरी: आत्ता आईच्या फोनमध्ये बघितलं. तिच्याकडंच नवीन नंबर सेव्ह नाही. जुन्यावरून टाकतो, तेलुगूची वेळ पण.

पेटीवाला: मग लाइव्हचं काय ठरलं?